ऑरलँडो डिस्ने : स्वस्तातलं हॉटेल की महागातलं? वागणुकीत फरक पडतो का? (आईबाबा सोबत आहेत)

शेवंती_एडिसन
नमस्कार मंडळी. नाशिकहून आईबाबा इकडे न्यू जर्सीत आलेत, त्यांना घेऊन जानेवारीच्या शेवटी ऑरलँडोला जायचंय. आम्ही दोघं, आईबाबा, मोठी ५ वर्षांची आणि धाकटा, जो फेब्रुवारीत ३ चा होईल. चार रात्री. बजेट रात्रीला २५० डॉलर, टॅक्स धरून, याच्या वर नाही.
डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत व्हॅल्यू, मॉडरेट, डिलक्स असे प्रकार दिसतायत. माझा प्रश्न पूल केवढा आणि बेड कसा हा नाहीये. स्वस्त हॉटेलवाल्यांना तिथे दुय्यम वागवतात का? बसला मागे, रांगेत मागे, काउंटरवर तुटक बोलणं असं काही? मागे एका बड्या हॉटेलात (इकडचंच, नाव नको) बाबा लॉबीत साध्या चपला घालून बसले होते तर दोनदा येऊन विचारलं की तुम्ही इथेच राहताय ना. बाबा काही बोलले नाहीत पण नंतर खोलीबाहेर पडायलाच तयार नव्हते. ते परत नको. बाबांची सत्तरी पण आहे त्याच आठवड्यात. आईचे गुडघे दुखतात. अनुभव सांगा प्लीज.

चिंगी७
पॉप सेंचुरी घे, डोळे मिटून. आम्ही दरवेळी तिथेच. व्हॅल्यूच आहे पण स्कायलायनर आहे ना! केबलकारसारखं, मधे एकदा बदलून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज, ही डिस्नेची दोन पार्क. बसची वाट बघायची भानगडच नाही. आणि वागणुकीचं म्हणशील तर कुण्णीही तुटक बोललं नाही आजवर, उलट माझ्या सासूबाईंच्या नऊवारीचं इतकं कौतुक झालं की त्या दुसऱ्या दिवशी पण नऊवारीच नेसल्या.

रावसाहेब_डॅलस
आईवडील आयुष्यात एकदा येणार, त्यांना मोटेल टाइप खोलीत ठेवणार का? व्हॅल्यूच्या खोल्यांची दारं बाहेरच्या गॅलरीत उघडतात हे कोणी सांगितलं का? डिलक्समधलं अॅनिमल किंगडम लॉज घ्या, सवाना व्ह्यू. सकाळी पडदा सरकवला की समोर जिराफ आणि झेब्रे. आमचे वडील बाल्कनीतून उठायलाच तयार नव्हते, पार्क राहिलं बाजूला. आम्ही डिस्नेच्या व्हेकेशन क्लबचे (टाइमशेअर) मेंबर आहोत, आम्हाला पॉइंटवर पडतं. पैसा काय, येतो जातो.

टँपाकर
@रावसाहेब, त्यांनी २५० लिहिलंय हो. सवाना व्ह्यू त्यात कुठून बसवणार? तुमच्या पॉइंटचे वर्षाचे ड्यूज पण सांगा की मग.

शेवंती, मी दीड तासावर राहतो, वार्षिक पास आहे, त्यामुळे हे सगळं जवळून बघतो. डिस्नेच्या आत राहूच नका असं माझं मत. जवळच डेव्हनपोर्ट गावात चार बेडरूमचं घर भाड्याने घ्या, किचन, वॉशिंग मशीन, मागे पूल. आईंना पोळ्या करता येतील. सकाळी गाडीने जायचं, संध्याकाळी परत.

काकू_शार्लट
सुट्टीवर जाऊन आईने पोळ्या करायच्या???

टँपाकर
करायच्याच असं नाही म्हटलं, करता येतील म्हटलं.

युनिव्हर्सलवाला
डिस्ने सोडा. वागणुकीतला फरक बघायचा तर युनिव्हर्सलला (ऑरलँडोतलंच दुसरं थीम पार्क) बघा, तिथे सरळ लिहिलेलाच आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक, रॉयल पॅसिफिक या तीन महागड्या हॉटेलांत राहिलात तर एक्स्प्रेस पास फुकट, म्हणजे वेगळी, छोटी रांग. कबाना बे किंवा एंडलेस समरला राहिलात तर तो मिळत नाही, सकाळी लवकर आत सोडतात तेवढंच. पास वेगळा घ्यायला गेलं तर माणशी इतका महाग की आमचं रॉयल पॅसिफिक जवळजवळ वसूल झालं. फक्त २०२५ मधे उघडलेल्या नव्या एपिक युनिव्हर्स पार्कला तो फुकट पास चालत नाही.

शेवंती_एडिसन
@युनिव्हर्सलवाला मुलं ५ आणि ३ ची आहेत हो, तिथे बरीच राइड उंचीत बसणार नाहीत. पण हे बरोबर सांगितलंत, मला नेमकं हेच विचारायचं होतं. डिस्नेमधे पण असं आहे का?

निवांत_नेवार्क
मी सांगतो, यात मी बराच वेळ घालवलाय (बायको म्हणते फुकट).

डिस्नेमधे हॉटेलच्या दर्जावरून राइडची रांग बदलत नाही. सकाळी पार्क उघडायच्या अर्धा तास आधी आत सोडतात, ते ऑल स्टारवाल्यालाही (व्हॅल्यू) आणि ग्रँड फ्लोरिडियनवाल्यालाही (डिलक्स), चारही पार्कात, रोज. लायटनिंग लेनचं (राइडच्या वेगळ्या, छोट्या रांगेचं) बुकिंग हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी उघडतं, बाहेरच्यांना तीन दिवस आधी, त्यातही व्हॅल्यू-डिलक्स भेद नाही. पैसे मात्र सगळ्यांना वेगळे भरावे लागतात. हॉटेलचं आणि पार्कचं साधं पार्किंग सगळ्यांना फ्री. हॉटेलचं पार्किंग २०१८ मधे पैसे लावून सुरू केलं होतं, २०२३ ला परत फ्री केलं. रिसॉर्ट फी लावत नाहीत.

डिलक्सला जास्तीचं काय तर निवडक रात्री पार्क बंद झाल्यावर दोन तास फक्त त्यांच्यासाठी उघडं असतं. हा खरा भेद. पण तीनेक वर्षांचं पोर रात्री अकरा वाजता जागं ठेवून तुम्ही त्याचं काय करणार आहात?

बाकी पैसा जातो तो अंतरात. डिलक्सपैकी काँटेम्पररीतून मॅजिक किंगडम पार्कला चालत दहा मिनिटं, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियनला दारात मोनोरेल. ऑल स्टारला फक्त बस. आईंचे गुडघे दुखतात म्हणून हे महत्त्वाचं, काउंटरवरचं हसणं सगळीकडे सारखंच आहे.

चिंगी७
म्हणून तर म्हणतेय पॉप सेंचुरी. स्कायलायनर!

विजेचा_शॉक
स्कायलायनर वीज चमकली की बंद. मग सगळी जनता एकदम बसला. सांगून ठेवतो.

चिंगी७
जानेवारीत वादळं कमी असतात. उन्हाळ्याचं जानेवारीला कशाला लावताय. आणि आजींसाठी उलट बरंय, व्हीलचेअर असेल तर वेगळ्या जागी केबिन पूर्ण थांबवून चढवतात.

खवय्या_अटलांटा
मूळ प्रश्न बाजूला ठेवून एक विचारतो, आईबाबा शाकाहारी आहेत का? कारण व्हॅल्यू हॉटेलांत बसून जेवायचं रेस्टॉरंट नाही, नुसतं फूड कोर्ट, साध्या खोलीत मायक्रोवेव्ह पण नाही (फूड कोर्टात आहे). पिझ्झा मिळतो. चार दिवस पिझ्झा खाऊन माझ्या वडिलांनी परतीच्या विमानात वरणभाताचा जप लावला होता.
पार्कात घरचं खाणं नेता येतं, काचेची बरणी नको आणि गरम करायला लागेल असं नको. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळांबा नेतो. सिक्युरिटीवाल्याने डबा उघडून बघितला, वास घेतला, हसला आणि जा म्हणाला.
आणि अॅनिमल किंगडम लॉजच्या किडानी भागात सनाआ नावाचं रेस्टॉरंट आहे तिथे ब्रेड सर्व्हिस मागवा, नान वगैरे आणि सोबत भरपूर चटण्या. खिडकीबाहेर प्राणी. टेबल आधी बुक करावं लागतं.

काकू_शार्लट
सनाआची नान म्हणजे काही आपली नान नव्हे पण चालते. ती कोथिंबिरीची चटणी मला आवडली.

खवय्या_अटलांटा
आपली नान म्हणजे कुठली? नान आपली कधी झाली? आपली भाकरी.

काकू_शार्लट
बरं बाबा भाकरी.

नाशिकचा_नाना
एवढं लांब कशाला? खोपोलीला इमॅजिका आहे, लागूनच नोवोटेल आहे. आम्ही नातवंडांना घेऊन गेलो होतो, फार उत्तम सोय. आईबाबा नाशिकचेच आहेत तर त्यांना जवळ पडेल.

टँपाकर
नाना, आईबाबा सध्या न्यू जर्सीत आहेत.

नाशिकचा_नाना
परत येतीलच की.

निवांत_नेवार्क
अरे मुख्य गोष्ट कोणीच बोललं नाही. माणसं मोजा. व्हॅल्यूच्या साध्या खोलीत चार जण, वर तीन वर्षांखालचं एक पाळण्यात. तुम्ही चार मोठे + ५ वर्षांची + धाकटा. बसतच नाही. दोन खोल्या घ्याव्या लागतील नाहीतर फॅमिली स्वीट, म्हणजे ऑल स्टार म्युझिक किंवा आर्ट ऑफ अॅनिमेशन. त्यात सहा जण बसतात, दोन बाथरूम, छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. २५० मधे हे होणार नाही, आत्ताच सांगतो. वर साडेबारा-साडेतेरा टक्के टॅक्स.

बिनधास्त_बाबूराव
सहाजण एका खोलीत घुसवा. कोण मोजतंय? आम्ही कॉलेजात असताना डेटोनाला एका खोलीत अकरा जण झोपलो होतो.

निवांत_नेवार्क
आणि सत्तर वर्षांच्या बाबांना जमिनीवर? शिवाय सकाळी लवकरचा प्रवेश, लायटनिंग लेन हे सगळं बुकिंगवर ज्यांची नावं आहेत त्यांनाच. वागणूक चांगली हवी म्हणून धागा काढलाय आणि तुम्ही त्यांना लपूनछपून राहायला सांगताय.

रावसाहेब_डॅलस
परत सांगतो. कोणाकडून तरी क्लबचे पॉइंट भाड्याने घ्या, डिलक्स बरंच कमी पैशात पडतं. बेल सर्व्हिसवाल्याला चांगली टिप द्या, मग बघा वागणूक. मी वीसची नोट देतो, पुढचे चार दिवस साहेब साहेब.

टँपाकर
वीसच्या नोटेने मिळते ती वागणूक नव्हे रावसाहेब, ती नोकरी. आणि भाड्याच्या पॉइंटचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हातारी माणसं सोबत आहेत, ऐन वेळी ताप आला तर? त्यापेक्षा डिस्नेकडून नुसती खोली बुक करा, पाच दिवस आधीपर्यंत रद्द करता येते.

रावसाहेब_डॅलस
तुम्ही तर डिस्नेत राहूच नका म्हणत होतात.

टँपाकर
अजूनही म्हणतोय. पण राहायचंच असेल तर असं.

हळदीकुंकू_ह्यूस्टन
मी बाहेर राहिले होते, डिस्नेजवळच्या १९२ रस्त्यावर, नाव घेत नाही. साइटवर ८९ डॉलर, पोचल्यावर रोजची रिसॉर्ट फी, पार्किंग वेगळं, आणि "पार्कला फ्री शटल" दिवसातून दोनदा. सकाळचं चुकलं की बसा. काउंटरवरची बाई फोनवर बोलत बोलतच किल्ल्या सरकवत होती. स्वस्तातलं बाहेरचं घेणार असाल तर फीचे सगळे आकडे आधी मेलवर लिहून घ्या.
आणि मुलगा फेब्रुवारीत ३ चा होतोय ना, त्याआधीच जा, तीन पूर्ण व्हायच्या आत तिकीटच लागत नाही. नंतर शंभराच्या वर, एका दिवसाला.

शेवंती_एडिसन
हो तेवढ्यासाठीच जानेवारी 😀 आईच्या गुडघ्यांसाठी तो अपंगांचा पास मिळतो का? डीएएस का काय ते.

निवांत_नेवार्क
नाही. २०२४ पासून तो ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींपुरताच ठेवलाय. गुडघ्यांसाठी व्हीलचेअर, पार्कच्या दाराशी भाड्याने मिळते, बहुतेक रांगांत ती आत जाते. रांग कमी होत नाही, पण बसून राहता येतं. ती पार्काबाहेर मात्र नेऊ देत नाहीत, त्यामुळे बसस्टॉप ते गेट चालावं लागेल. हे हॉटेल निवडताना धरा.

चिंगी७
आणि बाबांच्या सत्तरीचं! फ्रंट डेस्कवर सांग, वाढदिवसाचा बॅज फुकट देतात, व्हॅल्यूला पण. दिवसभर ड्रायव्हर, झाडूवाला, पॉपकॉर्नवाली, जो दिसेल तो हॅपी बर्थडे म्हणतो. माझे सासरे आधी काढून टाका म्हणाले आणि दुपारी शर्ट बदलला तेव्हा स्वतः परत लावला.

मराठमोळी_मिशिगन
अॅनिमल किंगडम लॉजचे प्राणी बघायला तिथे राहायला लागत नाही बरं का. लॉबीच्या मागून सवाना दिसतो, कोणीही जाऊ शकतं. आम्ही ऑल स्टारला राहिलो, पार्कला जाऊन तिथून बसने लॉजला, तासभर जिराफ बघितले, परत. कोणी विचारलं नाही कुठे राहता. माझी आई त्या मोठ्या लॉबीत खुर्चीत बसून चक्क झोपली, एका कर्मचाऱ्याने येऊन फक्त पाणी हवंय का विचारलं.

रावसाहेब_डॅलस
म्हणजे आमच्या पैशांनी तुम्ही जिराफ बघता.

मराठमोळी_मिशिगन
जिराफ छान सांभाळलेत हो तुम्ही 🙏

शेवंती_एडिसन
सगळ्यांचे आभार. ठरलं. ऑल स्टार म्युझिकचा फॅमिली स्वीट.
माहितीये, कोणीच सुचवला नव्हता, निवांत यांनी नुसता उल्लेख केला होता. पॉपला दोन खोल्या घेतल्या तर आईबाबा एका खोलीत एकटे, आणि आई रात्री दार कोणी वाजवेल या विचारात झोपणार नाही. आर्ट ऑफ अॅनिमेशनला स्कायलायनर आहे पण तो स्वीट आणखी महाग. म्युझिकला एकाच दाराआड सगळे, मायक्रोवेव्हवर भात होतो, आणि दोन बाथरूम. बाबा सकाळी पाऊण तास आत असतात, हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, स्कायलायनर त्याला काही करू शकत नाही. बसचं बघू, पार्कला जाताना उबर करू. मिशिगन ताईंनी लॉबीचं सांगितलं त्यावर बाबांना विचारलं, येणार का, तर म्हणाले आपण तिथे राहत नसताना कसं जायचं. म्हटलं तेच तर बघायला जायचंय.
२५० चं विचारू नका. नवऱ्याला अजून आकडा सांगितलेला नाही.

चिंगी७
पस्तावशील. बसेस!!

टँपाकर
तेवढ्या पैशात डेव्हनपोर्टला पाच बेडरूमचं घर आलं असतं, चार बाथरूम.

निवांत_नेवार्क
चांगला निर्णय आहे. बुकिंगच्या वेळी खोली लिफ्टजवळ आणि मुख्य इमारतीजवळ हवी अशी विनंती टाकून ठेवा. खात्री देत नाहीत, पण बस तिथूनच सुटते म्हणून मागायची.

नवा_मेंबर_२२
छान धागा. आम्ही पण चाललोय मार्चमधे. एअरपोर्टवरून डिस्नेची ती फुकट बस अजून आहे ना? आणि बजेटमधे कुठलं हॉटेल चांगलं?

टँपाकर
बस २०२२ च्या जानेवारीत बंद झाली. हॉटेलचं वर वाचा.