एमडी पेडियाट्रिक्सनंतर पीआयसीयूतच (लहान मुलांच्या आयसीयूतच) जावं वाटतंय, हे आयुष्यभर झेपतं का?

रेसिडेंट_मराठवाडा:
नमस्कार. एमडीचं शेवटचं वर्ष चालूय, सरकारी कॉलेज. पुढे डीएम पीडियाट्रिक क्रिटिकल केअर, म्हणजे गंभीर आजारी लेकरांवरच्या उपचारांची एमडीनंतरची पदवी, करायचं मनात आहे. घरचे म्हणतात आता बास कर, तालुक्याला क्लिनिक टाक, लसीकरण कर, सर्दी खोकला बघ, रात्री घरी जेवायला ये. त्यांचंही चूक नाही, बाबांनी कर्ज काढून शिकवलंय आणि डीएम म्हणजे अजून ३ वर्षं. पण ओपीडीत माझं मनच लागत नाही. पावसाळ्यात डेंग्यूची एक सहा वर्षांची पोरगी आली होती शॉकमध्ये, ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त झाले होते आणि नेमकी तिथेच ती घसरली. रात्रभर बसलो, पहाटे गेली. तेव्हापासून कुठल्याही लेकराचं नख दाबून रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजताना तिचंच बोट दिसतं. या लाइनीतल्यांनी खरं सांगा, हे झेपतं का, की मी भावनेच्या भरात ठरवतोय?

कोकणची_डॉक्टर:
१४ वर्षं पीआयसीयूत आहे. तिचं बोट दिसणं थांबणार नाही, माझ्याकडे अशी बरीच बोटं आहेत. पण तू रात्रभर बसलास ना, या कामात तेच सगळ्यात मोठं आहे रे. डॉ. हिंमतराव बावस्कर सर १९७६ला महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचू चावलेली पोरं तोंडाला फेस येऊन डोळ्यादेखत जायची. सर पेशंटजवळ बसून राहिले, नोंदी करत राहिले, आणि त्यातून कळलं की हार्ट फेल होऊन फुप्फुसात पाणी भरतंय. मग बीपीची साधी गोळी, प्राझोसिन, ती चालते हे १९८६ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आधी शंभरातली तीसचाळीस दगावायची, आता एखादंच.
माझी पहिली एकटीची नाइट अशाच एका पोराची होती. पेंढा काढताना चावलेला, घामाने निथळत होता, पाय बर्फासारखे. प्राझोसिन वजनाच्या किलोला ३० मायक्रोग्रॅम, दर ३ तासांनी, पाय गरम होईपर्यंत. आईला सांगितलं उचलून घेऊ नका, उठवलं तर बीपी पडेल, तर ती बिचारी वाकून त्याच्या छातीवर हात ठेवून उभी. मी दर थोड्या वेळाने पाय धरून बघायचे. पहाटे चारच्या सुमाराला पोटऱ्या कोमट लागल्या, मग घोटे, मग बोटं. ते माझ्या तळहाताला अजून आठवतं. क्लिनिक टाकणंही चांगलंच काम आहे, पण तुझा जीव इकडे असेल तर इकडेच ये.

आयसीयू_सिस्टर:
डॉक्टर, एक सांगते, लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा. लेकरू गेलं की बरेच नवीन डॉक्टर फाइल घेऊन बाजूला होतात. तुम्ही थांबा. मी तोंडावरची चिकटपट्टी खोबरेल लावून हळूहळू काढते, गालाची साल निघू नये म्हणून, आणि मग आईच्या मांडीवर देते. तेवढा वेळ डॉक्टर नुसते जवळ उभे असले ना, तरी आईबापाला कळतं की आपल्या पोराला कोणी टाकलेलं नव्हतं. आणि नाइटनंतर जेवून झोपा, तुम्ही आजारी पडलात तर बेड नंबर चारचं कोण बघणार.

गडचिरोलीचा_विकास:
थोडं वेगळं बोलतो. अभय बंग आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घरी कशी घ्यायची, श्वास कसे मोजायचे, इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ला लॅन्सेटमध्ये आहे. तुमच्या डेंग्यूच्या पोरीच्या घरी कोणी सांगितलं असतं की ताप उतरला की जास्त जपायचं, तर ती आदल्या दिवशीच आली असती. डीएम करा, पण सुट्टीच्या दिवशी आशाताईंना हे शिकवायला जा.

ओमचे_बाबा:
मी डॉक्टर नाही. आमचा ओम नऊ महिन्यांचा असताना न्यूमोनियाने ११ दिवस व्हेंटिलेटरवर होता. आधीच्या दवाखान्यात आम्हाला कोणी धड बोलतच नव्हतं. इथे एक मॅडम सकाळ संध्याकाळ बाहेर यायच्या, सांगायला नवीन काही नसलं तरी स्टूल ओढून बसायच्या आणि आज लघवी किती झाली, मशीनचा आधार किती कमी केला ते सांगायच्या. सातव्या दिवशी म्हणाल्या, आज त्याने माझं बोट धरलं. आता चौथीत आहे. तुम्ही जा डॉक्टर त्या कामाला, हात जोडून सांगतो.

रेसिडेंट_मराठवाडा:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना आज फोनवर मॅडमचा तो पाय गरम झाल्याचा मेसेज वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग विचारलं परीक्षा कधी आहे. विकासदादा, आशाताईंच्या मीटिंगचं पीएचसीला विचारतो. आता ड्युटीला निघतो, दोन डेंग्यू ॲडमिट आहेत, एकाचा ताप आज सकाळीच उतरलाय.