पणजोबा मौरूसी कास्तकार, म्हणजे वारसाहक्कानं जमीन कसणारं कूळ. त्याआधीचा शोध कुठे घ्यावा?

उमरेडची नात: आमचं मूळ गाव उमरेड तहसिलीत, आता सगळे नागपुरात. घरात कायम ऐकलं, "जमीन मालगुजारानं दिली." आजोबांच्या ट्रंकेत एक नक्कल निघाली. कडा वाळवीनं खाल्ल्या, पण मधलं वाचता येतं: पणजोबांचं नाव, पुढे 'मौरूसी कास्तकार', मग लगान, म्हणजे जमिनीचा खंड. मालगुजारीच्या आधीही आमची माणसं ती जमीन कसत होती का, हे मला शोधायचंच आहे. सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे काही नाही.

निवृत्त पटवारी: बेटा, "दिली" हे आधी तपासून घे. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. तोवर मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. १८६० नंतरच्या बंदोबस्तात, म्हणजे जमिनीची नोंद करून सारा ठरवताना, इंग्रजांनी त्यालाच गावाचा मालक ठरवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारे त्याची कुळं झाले. मौरूसी हक्क वारशानं चालायचा, मर्जी फिरली म्हणून काढता येत नसे. तो मालगुजाराच्या मेहेरबानीचा नसून तुझ्या माणसांच्या वहिवाटीचा असू शकतो. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मौजाचं नाव देऊन बंदोबस्त मिसलीची, म्हणजे त्या बंदोबस्ताच्या कागदांची, नक्कल माग. सोबत वाजिब-उल-अर्जही माग. गावाचे रिवाज, चराई, पाणी त्यात असतं. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू सापडतील. जुनी पानं मोडीत निघाली तर वाचणारा गाठ.

भंडाऱ्याची सून: मी मालगुजाराच्या घरात दिलेली. १९५१ ला मालगुजारी गेली, सीर आणि खुदकास्त, म्हणजे मालगुजाराची घरची शेती, आमच्याकडे राहिली. वंशावळ सात पिढ्यांची आहे, पण कसणाऱ्याचं नाव एक नाही. सासरे अजून "आपला तलाव" म्हणतात. त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती कुणी टाकली, बेगारीत किती माणसं राबली, हे घरातल्या एकाही कागदात नाही. ताई, तुमच्याकडची नक्कल जपा. असे कागद वाड्यात सापडत नाहीत.

उमरेडची नात: काका, या सोमवारीच अर्ज देते. सूनबाई, आमचं वावरही तलावाच्या पाळीखालीच आहे, पाटाच्या पाण्यावर धान व्हायचं. वाजिब-उल-अर्जात पाण्याची वाटणी लिहिलेली असेल तर आमच्या बांधाला पाणी कोणत्या हक्कानं यायचं, तेही कळेल. आजी त्या पाण्यावरून झालेली भांडणं सांगायची. तेव्हा मी नीट ऐकली नव्हती. आता मोठ्या काकूंना विचारून लिहून घेतेय.

निवृत्त पटवारी: अर्जात जुना खसरा नंबर, म्हणजे शेताचा क्रमांक, टाक. तुझ्या नक्कलेवर असेल, लगानाच्या आधीच्या रकान्यात बघ.