ध्रुवीय प्रकाशाच्या शोधातील रात्र : आपले अनुभव लिहा

आर्क्टिक प्रदेशात हिवाळ्यात मार्गदर्शकासोबत ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा किंवा ‘नॉर्दर्न लाइट्स’) पाहायला गेलेल्यांचे अनुभव एकत्र करावेत, या हेतूने हा धागा काढत आहे. हिरव्यागार आकाशाची छायाचित्रे माहितीपत्रकांत भरपूर असतात. परंतु गाडीत किती तास बसावे लागले, मार्गदर्शकाने वाट कशाच्या आधारावर बदलली, उणे वीस अंशांत उभे राहताना काय सोसले नाही, याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. ज्यांना काहीच दिसले नाही त्यांनीही अवश्य लिहावे; जाणाऱ्याला त्याचाच उपयोग अधिक होईल. सुरुवात माझ्यापासून करते.

ट्रॉम्सो, नॉर्वे

आम्ही जानेवारीच्या उत्तरार्धात गेलो होतो. ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे ३५० किलोमीटर उत्तरेला आहे आणि तेथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. असे असूनही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे किनाऱ्यावरची थंडी अपेक्षेहून सौम्य असते, आणि त्याच समुद्रामुळे ढग मात्र वारंवार येतात. त्यामुळे या सहलीचा सगळा कस ढग चुकवण्यात लागतो, हे संध्याकाळी साडेसहाला छोट्या बसमध्ये बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच कळले.

आमच्या मार्गदर्शकाला आकाशात प्रकाश असेल की नाही याची विशेष चिंता नव्हती. हा प्रकाश ध्रुवाभोवतीच्या ज्या पट्ट्यात नेहमी उमटतो त्याच्या खालीच ट्रॉम्सो येत असल्याने केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळीचे शून्य ते नऊ असे माप) एक-दोन असला तरी तेथे भागते. तो पाहत होता ते ढगांचे नकाशे आणि रस्त्यांवरील कॅमेऱ्यांची चित्रे. अधूनमधून पुढे गेलेल्या दुसऱ्या चालकांना फोन करून तिकडची परिस्थितीही विचारत होता. पश्चिमेला क्वालोया बेटाच्या किनाऱ्यावर जाणे जवळचे होते, पण तिकडे बर्फ पडत होता. शेवटी त्याने फिनलंडच्या सीमेकडे जायचे ठरवले. लिंगेनचे उंच डोंगर समुद्राकडून येणारी वाफ अडवतात आणि त्यांच्या पलीकडची शिबोटनची दरी त्यामुळे पुष्कळदा निरभ्र राहते, असे त्याने सांगितले. घाटमाथ्यावर कोसळणारा आणि माणदेशात न पोहोचणारा पाऊस पाहिलेल्या आम्हा मंडळींना हे पटायला वेळ लागला नाही.

जवळजवळ अडीच तास गाडी चालली. सीमेपलीकडे किल्पिसयार्वीजवळ थांबलो तेव्हा फोनवरचे घड्याळ फिनलंडच्या वेळेनुसार एक तास पुढे सरकले होते आणि तापमान उणे २४ होते. निघताना ते उणे चार होते. पारपत्र सोबत ठेवा असे आरक्षणाच्या पत्रात लिहिलेले असते, ते याचसाठी. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने व्हिसाची अडचण येत नाही, परंतु ओळखपत्र हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघालेल्या एका प्रवाशामुळे आमच्या मार्गदर्शकाला क्षणभर विचार करावा लागला होता.

बर्चच्या लाकडांची शेकोटी पेटवून झाल्यावर बराच वेळ उत्तरेकडे केवळ एक राखाडी पट्टा दिसत होता. तो ढगच आहे असे आमच्यापैकी बहुतेकांचे मत पडले, पण मार्गदर्शकाने कॅमेरा त्या दिशेला रोखून पडद्यावर तोच पट्टा हिरवा दाखवला. पुढे रात्री अकराच्या सुमारास त्या पट्ट्याला घड्या पडू लागल्या, तो डोक्यावर आला, आणि सात-आठ मिनिटे त्याची खालची कडा गुलाबी होऊन वेगाने सरकत राहिली. त्या वेळी तो हिरवा दिसण्यासाठी कोणालाही कॅमेऱ्याची गरज भासली नाही. हॉटेलवर परतायला पहाटेचे अडीच वाजले. माझ्या मते आम्ही पैसे दिले ते त्या सात-आठ मिनिटांचे नव्हे, तर साडेसहा वाजता घेतलेल्या निर्णयाचे.

पुणे; भौतिकशास्त्राचे निवृत्त अध्यापक, फिनलंडमधील रोव्हानिएमी आणि इनारी येथे प्रवास

वर आलेल्या राखाडी पट्ट्याविषयी थोडे सांगतो. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात त्यांना रंग ओळखता येत नाहीत, म्हणून मंद प्रकाश पांढुरका दिसतो. कॅमेरा मात्र काही सेकंद प्रकाश साठवतो आणि रंग दाखवतो. यात फसवणूक नाही, परंतु सहलीला निघण्यापूर्वी हे सांगितले गेले पाहिजे. हिरवा रंग १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजन अणूंचा असतो आणि त्याची तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर आहे. २०० किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन लाल प्रकाश देतो, तर खालच्या कडेचा गुलाबी-जांभळा रंग नायट्रोजनचा.

मे २०२४ मधील सौरवादळात (सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांच्या जोरदार लोटात) लडाखमधील हानले येथूनही लाल प्रकाशाची नोंद झाली, मग एवढ्या दूर कशाला जायचे, असे मला अनेकांनी विचारले. हानलेच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली ती क्षितिजालगतची मंद लाली होती. डोक्यावर सरकणारे पडदे पाहायचे असतील तर ध्रुवीय प्रकाशाच्या नेहमीच्या पट्ट्याखालीच उभे राहावे लागते. याउलट जितके उत्तरेला जावे तितके चांगले, हाही समज बरोबर नाही. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवरील न्यू-ऑलेसुंड येथे, जेथे २००८ पासून भारताचे हिमाद्री संशोधन केंद्र आहे, तेथे रात्रीच्या वेळी हा पट्टा बहुधा दक्षिणेकडेच राहतो.

सहलीत मला सर्वांत उपयोगी पडली ती एक बारीक गोष्ट. हा प्रकाश पुष्कळदा ठरावीक क्रमाने येतो : आधी शांत कमान, मग अचानक उसळी, आणि त्यानंतर आकाशभर उघडझाप करणारे फिकट ठिपके. शांत कमान दिसताच छायाचित्रे काढून ‘झाले’ म्हणत गाडीत जाऊन बसणारे प्रवासी मी प्रत्येक गटात पाहिले, आणि त्यांना परत बाहेर बोलावताना मार्गदर्शकाची धावपळही पाहिली. सौरवाऱ्याचे, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या आणि हा प्रकाश घडवणाऱ्या कणांच्या प्रवाहाचे, मोजमाप करणारे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर आहेत. आपले आदित्य-एल१ यानही जानेवारी २०२४ पासून तेथेच आहे. तेथून मिळणारी पूर्वसूचना बहुधा अर्ध्या ते एका तासाची असते. त्यामुळे ‘आज रात्री साडेनऊला दिसेल’ असे दुपारी सांगणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नये.

ठाणे; रेक्याविक, आइसलँड येथे प्रवास

रेक्याविक आर्क्टिक वृत्ताच्या किंचित दक्षिणेला असले तरी सहलीचा प्रकार तोच आहे, म्हणून लिहीत आहे. आम्हाला काहीही दिसले नाही.

पन्नास आसनांची मोठी बस होती. आइसलँडच्या हवामान खात्याचा ढगांचा नकाशा आम्ही दुपारीच पाहिला होता. त्यात पांढरा भाग निरभ्र असतो आणि हिरवा भाग ढगाळ, आणि त्या दिवशी नैर्ऋत्येचा सगळा कोपरा गडद हिरवा होता. तरीही बस सुटली, शहराबाहेर तासाभराच्या अंतरावर एका वाहनतळावर थांबली आणि तेथून हललीच नाही. ताडोबात वाघ दिसण्याची हमी कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही, परंतु माग न काढता एकाच पाणवठ्यावर जिप्सी उभी करून ठेवली तर पर्यटक नाराज होणारच. आमची नाराजी त्याच जातीची होती.

प्रकाश न दिसल्यास दुसऱ्या रात्री विनामूल्य नेण्याची सोय तेथील अनेक कंपन्या देतात. आमच्या कंपनीनेही ती दिली, पण आमचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होते. ज्यांना जायचे आहे त्यांनी ही सहल मुक्कामाच्या पहिल्या रात्रीच ठेवावी, म्हणजे उरलेल्या रात्री हाताशी राहतात. मराठी सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत ती पुष्कळदा शेवटच्या रात्री टाकलेली आढळते, बहुधा शेवट गोड व्हावा म्हणून. तो बदल आरक्षणापूर्वीच मागावा.

नाशिक; आबिस्को, स्वीडन येथे प्रवास

ढग चुकवत गाडीने फिरण्याला एक पर्यायही आहे. आबिस्को हे गाव टोर्नेट्रेस्क सरोवराच्या काठी आहे आणि पश्चिमेकडील डोंगरांच्या आडोशामुळे तेथे पाऊस-बर्फ कमी पडतो. आम्ही तेथेच मुक्काम केला आणि एका संध्याकाळी नुओल्या डोंगरावर, सुमारे ९०० मीटर उंचीवरील निरीक्षण केंद्रात गेलो. वर जाण्यासाठी उघडी पाळणागाडी आहे. काळोखात, पायाखाली काही न दिसता, वीस मिनिटे टांगलेल्या खुर्चीत बसणे उंचीची भीती असणाऱ्याला झेपणारे नाही, आणि वारा वाढला तर ती बंद राहते. वर उबदार खोली, कॉफी आणि समजावून सांगणारा माणूस होता. सरोवरापलीकडे हिरवी कमान तासभर होती, तिची उसळी आमच्या वाट्याला आली नाही. गाडीत सहा-सात तास काढण्यापेक्षा मला हे पसंत पडले.

डोंबिवली, वृद्ध आईवडिलांसह ट्रॉम्सो

माझ्या वडिलांचे वय ७४ आहे. ‘आजीआजोबांना नेता येईल का’ असे अनेक जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

थंडीपेक्षा मोठा धोका घसरण्याचा आहे. ट्रॉम्सोच्या पदपथांवर बर्फ वितळून पुन्हा गोठलेले असते आणि काचेसारख्या त्या थरावर तरुणही पडतात. बुटांखाली चढवायचे खिळ्यांचे पट्टे तेथील दुकानांत सहज मिळतात. ते पहिल्याच दिवशी घ्यावेत. अंगभर घालायचा जाड पोशाख आणि बूट पुष्कळ कंपन्या देतात, पण त्याच्या आत काय घातले आहे त्यावर सगळे अवलंबून असते. सुती बनियन घामाने ओलसर झाले की थंडी आतून सुरू होते. अंगालगत लोकरच हवी. मोज्यांच्या दोन जोड्या बुटात कोंबल्या तर रक्त फिरत नाही आणि पाय अधिक गार पडतात, हे आईला पटवून देणे सर्वांत अवघड गेले.

दुसरा प्रश्न स्वच्छतागृहाचा. छोट्या बसमध्ये ते नसते आणि वाटेत पेट्रोल पंप एखादाच लागतो. मधुमेही व्यक्तींनी हे आधीच विचारून घ्यावे. आम्ही त्यामुळे दूर न जाणारी, आणि तंबूत शेकोटीजवळ बसण्याची सोय असलेली सहल निवडली. ढगांतून तुटक दिसले, तेवढ्यावर वडील समाधानी होते. आईचे मात्र ‘फोटोत जास्त छान दिसतं’ हे मत कायम आहे.

कोल्हापूर, छायाचित्रणाची आवड

तिपाई अनिवार्य आहे. भिंग पूर्ण उघडे, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, आणि प्रकाश मंद असल्यास कॅमेऱ्याची झडप सहा-आठ सेकंद उघडी. तो नाचू लागला की दोन सेकंदांवर यावे, नाहीतर पडद्याच्या घड्या पुसल्या जाऊन नुसता हिरवा धूर उमटतो. फोकस हाताने एखाद्या ताऱ्यावर लावून ठेवावा. बॅटऱ्या थंडीत भराभर उतरतात, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाजवळ ठेवावी. हॉटेलात शिरण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत बंद करून तासभर तसाच राहू द्यावा, म्हणजे आतल्या दमट हवेने त्यावर पाणी जमत नाही. आणि कृपया फ्लॅश बंद करावा : त्याने आकाश उजळत नाही, शेजारच्या दहा जणांची रात्रीला सरावलेली दृष्टी मात्र जाते.

ओस्लो, नोकरीनिमित्त वास्तव्य

‘गाडी भाड्याने घेऊन स्वतःच का जाऊ नये’ असे भारतातून येणारे नातेवाईक हटकून विचारतात. रस्त्यावर पारदर्शक बर्फाचा थर, मधूनच आडवे येणारे मूस हरीण, आणि नजर आकाशाकडे लागलेला चालक, हे तिन्ही एकत्र आले की काय होते ते येथे दर हिवाळ्यात दिसते. अरुंद रस्त्याच्या कडेला दिवे बंद करून थांबणेही धोक्याचे आहे. बर्फावर गाडी चालवण्याचा सराव नसेल तर मार्गदर्शकाचे पैसे महाग वाटले तरी द्यावेत.

गट निवडताना तीन प्रश्न विचारावेत : गाडीत माणसे किती, ढग असल्यास सीमेपलीकडे नेणार का, आणि अंदाज फारच वाईट असल्यास सहल रद्द करून पैसे परत करणार का. तिसऱ्या प्रश्नाला स्पष्ट होकार देणारी कंपनी पहिल्या दोन प्रश्नांतही बहुधा चांगली निघते.

सातारा, शाकाहारी प्रवासी

सहलीत रात्री गरम सूप किंवा पाकिटातले जेवण देतात आणि त्यात रेनडिअर किंवा मासे असू शकतात. शाकाहारी पाकिटे मिळतात, पण आरक्षण करतानाच कळवावे लागते. डोंगरात रात्री दहाला सांगून उपयोग नसतो. घरून नेलेल्या मेथीच्या दशम्या आणि डिंकाचे लाडू उणे पंधरामध्ये दगडासारखे झाले, तेव्हा खाऊ कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा. युरोपबाहेरून येणाऱ्यांना नॉर्वेत मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे आणि बर्फी घरीच राहू द्यावी. शेंगदाण्याची चिक्की मात्र चालते, आणि ती गोठत नाही.