नवी गादी मध्ये खचते आणि खांद्यालाही लागते. परत करू की वर टॉपर (पातळ जादा गादी) घालू?

कूसबदल

फोमची नवी गादी घेऊन महिना होत आला. आठ इंची आहे, वर मेमरी फोमचा थर, खाली साधा फोम, आणि कव्हरवर ठसठशीत 'ऑर्थोपेडिक'. दुकानात बसून, हाताने दाबून बघितली तेव्हा छान मऊ लागली होती.

घरी आल्यावर दोन तक्रारी. एक म्हणजे मी माझ्या कडेला झोपते आणि पहाटे मधल्या घळीत नवऱ्याला टेकलेली असते. (त्याचं वजन माझ्यापेक्षा बरंच जास्त आहे. त्याला यात तक्रार करण्यासारखं काही वाटत नाही.) दुसरी म्हणजे मला डाव्या कुशीवर झोपायची सवय आहे, आणि आता खांद्याला रग लागते, हाताला मुंग्या येतात. मध्ये खचते म्हणजे मऊ, खांद्याला टोचते म्हणजे कडक. एकच गादी दोन्ही कशी असेल? विक्रेत्याचं एकच पालुपद, "सवय होईल." परत करायची मुदत संपत आलीय.

रातपाळी

मुदत आहे तोवर परत करा, विषय संपला. खचणाऱ्या गादीवर टॉपर घातला की टॉपरही त्याच खड्ड्यात बसतो.

फोमकाप्या

थांबा, लगेच परत करू नका. मी बरीच वर्षं फोम कापायच्या कामावर होतो. गादीच्या नावाने ज्या तक्रारी यायच्या, त्यांतल्या कितीतरी पलंगाच्या निघायच्या.

गादी उचला, सपाट जमिनीवर टाका आणि दोन रात्री तिथे झोपून बघा. जमिनीवर घळ नाहीशी झाली तर दोष खालच्या फळ्यांचा. फोमच्या गादीखाली दोन फळ्यांमधली फट तीन इंचांच्या आत असावी. डबल बेडला मध्ये उभा-आडवा आधार आणि जमिनीला टेकणारा पाय हवाच. तो पाय अर्धा इंच जरी अधांतरी राहिला, तरी वजन पडल्यावर अख्खी मधली पट्टी खाली जाते. टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरा, नवऱ्याला वर बसवा आणि फळ्या किती वाकतात ते बघा.

जमिनीवरही घळ राहिली तर गादी बसलीय. तेव्हा चादर काढून या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरी ताणून धरा आणि खड्ड्यात पट्टी उभी करून खोली मोजा. वर कुणी झोपलेलं नको, कारण वॉरंटीत रिकाम्या गादीवरचाच खड्डा धरतात, आणि तोही ठरावीक खोलीच्या पुढचा. फोटोत पट्टीवरचे आकडे दिसले पाहिजेत. अभ्रा घालूनच वापरा. डाग पडला की त्याच कारणावरून दावा नाकारतात, मग खड्डा कितीही खोल असो.

आता मऊ की कडक. हाताने दाबलं की लागतो तो वरचा इंच-दीड इंच. मेमरी फोम अंगाच्या उबेने सैलावतो, म्हणून बसल्यावर गोड वाटतो. पण कुशीवर झोपलात की सगळा भार खांदा आणि कंबर या दोन ठिकाणी येतो, पातळ थर तिथे पार दबतो आणि खांदा खालच्या कडक फोमला जाऊन टेकतो. म्हणजे तुमची गादी वर मऊ आणि आत कडक आहे. थंडीत मेमरी फोम आणखी ताठ होतो, तेही ध्यानात ठेवा.

जाता जाता एक. 'हाय डेन्सिटी म्हणजे कडक' हे दुकानात सर्रास ऐकवतात, ते चूक आहे. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोत वजन. त्याच घनतेचा फोम मऊही बनतो, कडकही. घनतेवरून कळतं ते साधारण एवढंच की फोम किती टिकेल. हलका फोम लवकर बसतो. गादी घेताना प्रत्येक थराची जाडी आणि घनता लिहून मागा. "आठ इंची" एवढंच उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.

मणका

'ऑर्थोपेडिक' वाचून हुरळू नका, तो विक्रीचा शब्द आहे. पाठदुखीला कडक गादी हा समजही तपासून झालाय. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांना कडक किंवा मध्यम कडक गादी देऊन बघितलं, 2003 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम पडला.

पाठीवर पडून कंबरेखाली हात घालून बघा. हात आरपार सहज फिरला तर गादी तुम्हाला कडक, शिरतच नसेल तर फार मऊ. आणि उशी कुठली आहे? कुशीवर झोपताना मान आणि गादी यांच्यातली खांद्याएवढी जागा उशीने भरायला हवी. गादी बदलली की जुन्या उशीचं मापही चुकतं. मुंग्या दिवसाही येत असतील तर गादीचा नाद सोडून डॉक्टर गाठा.

कूसबदल

दिवसा मुंग्या नाहीत. गादी जमिनीवर घातली, घळ गायब! पलंगाखाली बघितलं तर मधला पाय जमिनीला टेकतच नव्हता, खाली बोट सहज सरकत होतं. खाली लाकडी चकती सारून वर प्लाय टाकलाय. माझा खांदा मात्र जमिनीवरही तसाच दुखला. उशी जाड केल्यावर मान सुधारली, खांदा नाही. नवरा म्हणतो, त्याला ही गादी झकास आहे. आता?

फोमकाप्या

प्लायला भोकं पाडून घ्या, नाहीतर खालून ओल धरेल आणि बुरशी येईल.

घळ गेलीय, म्हणजे आता टॉपर चालेल. सपाट पण कडक गादीवर तो उपयोगी पडतो. तुमच्या बाजूपुरताच, दोन इंची, मऊ लॅटेक्सचा (रबरी फोमचा) बघा. त्याला उबेची वाट बघावी लागत नाही आणि कूस बदलताना अंग अडकत नाही. फक्त दोघांच्या मध्ये दोन इंचांची पायरी होईल, ती खपते का बघा.

खपत नसेल तर ही परत करून दोन सिंगल गाद्या घ्या, जाडी एकच, कडकपणा ज्याचा त्याचा, दोन्हींवर मिळून एक अभ्रा. दुकानात निजायच्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडून राहा, लोक बघेनात का. आणि टॉपर मागवायच्या आधी बिलावरची परतीची शेवटची तारीख बघून घ्या. टॉपर जमला नाही तर गादी परत करायला तेवढे दिवस हातात हवेत.

रातपाळी

मी तर म्हटलंच होतं परत करा. पण तो पलंगाचा पाय माझ्याही डोक्यात आला नसता. आज घरी जाऊन आमच्या पलंगाखाली डोकावतो.