उजळपणा सगळ्यांचा ५०, तरी निळा इतका गडद का?

बारा_फाका
एका वर्तुळाकार आलेखासाठी मला बारा रंग हवे होते आणि त्यांपैकी कोणताही रंग इतरांपेक्षा पुढे येऊ नये अशी अट होती. म्हणून एचएसएल पद्धतीत (रंगछटा, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा, आणि उजळपणा या तीन आकड्यांनी रंग सांगणाऱ्या) सॅच्युरेशन १०० आणि उजळपणा ५० कायम ठेवून मी रंगछटेचा कोन दर वेळी ३० अंशांनी पुढे सरकवला. प्रत्यक्षात पिवळी फाक डोळ्यांत खुपते आणि निळी इतकी गडद दिसते की तिच्यावरची काळी अक्षरे वाचता येत नाहीत. पडताळणीसाठी फोटोशॉपमध्ये ‘डीसॅच्युरेट’ ही आज्ञा वापरली, तेव्हा बाराही फाका अगदी एकाच करड्या रंगाच्या झाल्या. मूळ चित्र ग्रेस्केल मोडमध्ये (फक्त करड्या छटांत) नेले, तेव्हा मात्र पिवळी जवळजवळ पांढरी आणि निळी कोळशासारखी झाली. एकाच सॉफ्टवेअरमधल्या या दोन आज्ञांपैकी खरे कोणाचे मानावे?

कुंचलेवाला
डोळ्यांच्या बाजूने विचार केला तर ग्रेस्केलचे. एचएसएलमधला उजळपणा म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तीन आकड्यांपैकी सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्याची सरासरी, यापलीकडे काही नाही. पिवळ्याचे आकडे २५५, २५५, ० आणि निळ्याचे ०, ०, २५५. दोन्हींची सरासरी १२७.५ येते. ‘डीसॅच्युरेट’ हाच हिशेब करते, त्यामुळे तुम्ही ज्या पट्टीने रंग बेतले त्याच पट्टीने ते पुन्हा मोजले आणि उत्तर अर्थातच जुळले.

डोळा अशी सरासरी काढत नाही. एसआरजीबी (संगणकाच्या पडद्यांसाठीचे नेहमीचे रंगमानक) पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाच्या दीप्तीत, म्हणजे डोळ्याच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेल्या प्रकाशात, हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ टक्के आणि निळ्याचा अवघा ७ टक्के असतो. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही पूर्ण पेटलेले असल्यामुळे तो ९३ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. एचएसएल आणि त्याचेच भावंड एचएसव्ही ही प्रारूपे १९७८ साली मांडली गेली, तेव्हा संगणकाला हिशेब झटपट करता येणे हीच मोठी गरज होती; त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण ‘उजळपणा’ हे नाव मात्र फसवे आहे.

तुम्हाला हवी ती पट्टी १९७६ च्या सीआयई (प्रकाश व रंगमापनाची आंतरराष्ट्रीय संस्था) लॅब प्रारूपात आहे. त्यातला एल हा आकडा ० ते १०० असा, डोळ्याला जाणवणाऱ्या पायऱ्यांनुसार चढतो. म्हणूनच एल ५० असलेला करडा पांढऱ्याच्या केवळ १८ टक्के दीप्तीचा असूनही आपल्याला बरोबर मधला वाटतो. फोटोशॉपच्या रंगनिवडीच्या खिडकीत लॅबचे रकाने आहेत. तिथे तुमचा पिवळा ९७ च्या आसपास आणि निळा ३० च्या आसपास दिसेल. गिंप या मोफत चित्रसंपादन सॉफ्टवेअरच्या २.१० आवृत्तीत याच प्रारूपाचे कोनात मांडलेले रूप, म्हणजे एलसीएच, थेट मिळते. त्यात एल ७० आणि क्रोमा (रंगाची तीव्रता) ३५ ठेवून कोन फिरवून पाहा.

पडद्यामागचा
वरचे उत्तर योग्य आहे, पण त्याची किंमत आधी कळलेली बरी. एल ७० ला लखलखीत पिवळा अस्तित्वातच नाही. जो मिळेल तो मातकट, शेवाळाकडे झुकलेला असेल. क्रोमा वाढवायला गेलात, तर निळसर हिरव्या छटा सर्वांत आधी पडद्याच्या आवाक्याबाहेर जातील आणि सॉफ्टवेअर त्यांना छाटून वेगळाच रंग दाखवेल. शिवाय लॅबमध्ये निळा नीट वागत नाही. गडद निळ्यापासून पांढऱ्यापर्यंत लॅबमधून ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंगपट्टा) ओढला, की मधला भाग जांभळा होतो, कारण कोन तोच राहिला तरी डोळ्याला छटा बदललेली जाणवते. बियोर्न ओटोसन यांनी डिसेंबर २०२० मध्ये मांडलेल्या ओकेलॅब प्रारूपात ही खोड बरीच कमी झाली आहे. फोटोशॉपच्या ग्रेडियंटमधला ‘पर्सेप्च्युअल’ हा पर्याय त्यावरच चालतो आणि वेबपानांचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेतही रंग ओकेएलसीएच या, म्हणजे ओकेलॅबच्या कोनात मांडलेल्या, रूपात लिहिता येतो.

फिकट_गडद
मला मुळातली अटच खटकते. बाराही फाकांचा उजळपणा तंतोतंत सारखा केलात, तर त्यांच्यात फरक उरतो तो फक्त छटेचा, आणि ज्यांना लाल-हिरव्यातला भेद दिसत नाही त्यांच्यासाठी तीन-चार फाका एकमेकींत मिसळून जातील. छापताना कोणी कृष्णधवल प्रत काढली, तर आलेखाऐवजी करडी चकती हाती येईल. मी असे काम करताना शेजारच्या फाकांना आलटून पालटून एल ६० आणि एल ८० देतो. डोळ्याला लय जाणवते, कोणतीही एक फाक पुढे येत नाही आणि ८० च्या बाजूला पिवळाही बराच पिवळा राहतो.

बारा_फाका
आकडे तपासले: पिवळा ९८, निळा ३०. एल ७० चा संच करून पाहिला. काळी अक्षरे सगळीकडे वाचता आली, पण पिवळी फाक खरोखरच शेवाळलेली दिसली. त्यानंतर ६० आणि ८० ची आलटापालट ओकेएलसीएचमध्ये ०.६ आणि ०.८ अशी करून पाहिली, तेव्हा हिरवटपणा कमी झाला. आता फक्त ०.६ च्या निळ्या फाकेवरची अक्षरे काळी ठेवावीत की पांढरी, एवढेच ठरवायचे आहे.

कुंचलेवाला
दोन्ही रंगांत लिहून चित्र ग्रेस्केलमध्ये न्या आणि जे लांबून वाचता येईल ते ठेवा. यावेळी ‘डीसॅच्युरेट’ नको.