फोमची मॅट कुठली घेऊ? वरून गरम, खालून गारठा, पारगडचा अनुभव

खानापूर_लोकल:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. गेल्या जानेवारीत आम्ही पाचजण पारगडला मुक्कामाला गेलतो, गडावरच्या देवळात झोपलो. स्लीपिंग बॅग माझी चांगली आहे, नवीनच घेतलो होतो, पण खाली नुसती सतरंजी आणि त्यावर एक चादर. पोट छाती गरम आणि पाठ एवढी गार की रात्री दोनला उठून बसलो ते उजाडेपर्यंत तसाच. माझ्या शेजारी जो मित्र होता त्याच्याकडं स्लीपिंग बॅगच नव्हती, घरातली जुनी वाकळ दुहेरी करून खाली घातला आणि वर आजोबांचं घोंगडं, तो मस्त घोरत होता. पण ती वाकळ तीन किलोच्या वर भरते, तो बाइकवरनं आला म्हणून जमलं, मी तर बसनं जातो आणि पुढं चालत.

तर आता फोमची हलकी मॅट घ्यायची म्हणतोय. अर्ध्या किलोच्या आत पाहिजे आणि हजार दीड हजाराच्या वर जायची तयारी नाही. घरात बहिणीची ६ एमएमची योगा मॅट आहे ती चालेल काय? बेळगावात टीव्ही फ्रीजच्या खोक्यात येतो तसला पांढरा फोम रोलमध्ये मिळतो, एकदम स्वस्त, तो कसा? आणि ऑनलाइन बघितलं तर अंड्याच्या ट्रेसारखी घडीची मॅट कित्येक हजाराला, त्यात काय एवढं असतंय? सगळीकडं आर व्हॅल्यू आर व्हॅल्यू लिवलेलं असतं ते पण समजून सांगा कोणीतरी. वापर म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपले चंदगड बाजूचे गड, कलानंदीगड महिपालगड वगैरे, आणि ह्या डिसेंबरात हिमालयातला केदारकंठा ट्रेक एजन्सीकडनं बुक केलोय, एक मॅट ते देणार म्हणालेत.

उद्यमबागवाला:
भावा तुझी चूक स्लीपिंग बॅगची नव्हती, हे आधी डोक्यातनं काढ. स्लीपिंग बॅग गरम ठेवते ती आतल्या भरणात अडकलेल्या हवेमुळं. आपण अंगाखाली ते भरण दाबून पापड करतो, हवा निघून गेली की खालची बाजू म्हणजे नुसतं कापड. मग फरशी किंवा जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढून घेत बसते. म्हणून खाली अशी वस्तू पाहिजे जी वजन पडलं तरी हवा सोडत नाही. तुझ्या मित्राची वाकळ का चालली तर जुन्या लुगड्यांचे सात आठ थर, घट्ट शिवलेले, त्यात दुहेरी घातलेली.

आता आर व्हॅल्यू. उष्णता जाऊ न देण्याची ताकद, आकडा मोठा तेवढी मॅट गरम. आधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं मोजायची, आता एएसटीएम एफ३३४० म्हणून एकच चाचणी आहे, वर गरम प्लेट खाली गार प्लेट आणि मधे मॅट दाबून धरतात, म्हणून आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. तू म्हणतोस ती अंड्याच्या ट्रेची, थर्मरेस्टची झी लाइट सोल, तिचा आर २.० आणि वजन ४१० ग्रॅम. निमोची स्विचबॅक ४१५ ग्रॅम, तिचा पण २.०. म्हणजे दोन्ही एकाच माळेचे मणी. पैसे घडीचे आणि साच्याचे जास्त, गरमपणा काय आभाळातनं पडत नाही.

साधा सपाट क्लोज्ड सेल, म्हणजे बंद बुडबुड्यांचा, फोम १० एमएमचा असला तर हिशोब मांडून बघितलो मी, आर साधारण सव्वा ते दीडच्या आसपास येतो. आपल्या भागात जानेवारीतली रात्र बारा चौदा डिग्रीची, फार थंडी पडली तर दहा, त्याला हा रग्गड झाला.

आता फोमची जात ओळखायची कशी ते नीट वाच, सगळी मेख इथंच आहे. दुकानात स्पंजसारखा फोम देतील, गादीचा, तो ओपन सेल, पाणी पितो, त्याला हातच लावू नको. पांढरा खोक्यातला फोम ईपीई. तो क्लोज्ड सेलच आहे, पाणी पीत नाही, हलका पण आहे, पण त्याचे बुडबुडे मोठे आणि भिंती पातळ, चार पाच रात्रीत खांद्याखाली आणि कमरेखाली चपटा होऊन बसतो. तुला पाहिजे तो एक्सएलपीई, क्रॉसलिंक म्हणून माग, बहुतेक काळा किंवा राखाडी असतो, बारीक दाणा, हाताला मऊ रबरासारखा. घरं बांधताना पत्र्याखाली उष्णता अडवायला आणि एसीच्या डक्टला हाच लावतात, म्हणून फोम रेक्झिनच्या दुकानापेक्षा इन्सुलेशनवाल्याकडं आधी विचार.

टेस्ट अशी कर. अंगठ्यानं जोरात दाबून धर दहापर्यंत मोज आणि सोड, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. मग तुकड्याला तोंड लावून फुंक, हवा आरपार गेली की ओपन सेल, ठेवून दे तिथंच.

आणि वजन. १८० बाय ५० सेंटीमीटर, १० एमएम जाड, घनता ३३ किलो प्रति घनमीटर धरली तर ३०० ग्रॅम होतंय. १२ एमएम घेतलास तर साडेतीनशेच्या थोडं वर. तुझ्या अर्ध्या किलोत आरामात बसलं बघ.

योगा मॅट नको. पीव्हीसीची असेल तर किलोच्या वर जाते आणि ६ एमएमला गरमपणा काहीच नाही, ती हातपाय घसरू नयेत म्हणून केलेली वस्तू आहे.

शहापूरची_भटकी:
उद्यमबागवाल्या दादांनी फोमचं बरोबर सांगितलंय पण एक गोष्ट राहिली. खानापूर भाऊ तुम्ही कसे झोपता, पाठीवर की कुशीवर? मी कुशीवर झोपते आणि १० एमएमच्या सपाट फोमवर पहिल्या रात्री माझं खुब्याचं हाड असं दुखलं की दुसऱ्या दिवशी उतरताना लंगडत होते. पाठीवर झोपणाऱ्याला हा फोम एकदम छान, कुशीवाल्यांनी १५ एमएम घ्यावा किंवा कमरेपुरता वेगळा एक तुकडा वर टाकावा. मी हेच केलंय, दोन बाय दीड फुटाचा तुकडा, दिवसभर तोच बसायला, चहा करताना गुडघ्याखाली, रात्री कमरेखाली. त्याच्याइतकी उपयोगाची वस्तू माझ्या सॅकमध्ये दुसरी नाही खरंच.

हवेची मॅट कोणी सुचवली तर जपून. ती मऊ असते, गरम पण असते, मी पण एक घेतली होती ऑनलाइन. चंदगड बाजूला गडावर जांभा दगड, त्यात कारवीची तोडलेली खुंटं, पहिल्याच मुक्कामात रात्री फुस्स. पंक्चरचं भोक अंधारात बॅटरी लावून शोधायचं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. फोमला काटा लागला तर लागला, झोप मोडत नाही. हिमालयात हवेची मॅट नेली तरी खाली पातळ फोम असावाच असं माझं ठाम मत आहे.

आणि पूर्ण लांबीची गरज आहे का ते पण बघा. माझी उंची पाच फूट एक, मी मॅट १२० सेंटीमीटरला कापली, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पुरते, पायाखाली रिकामी सॅक. शंभर ग्रॅम वाचले. आपल्याकडं चालतं हे, बर्फात मात्र कापलेली मॅट नेऊ नका, पाय गार पडले की झोप गेलीच.

खानापूर_लोकल:
दादा आणि ताई दोघांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोण लिहितंय हल्ली. शनिवारी बेळगावला जाऊन आलो. तीन दुकानं फिरलो, दोघांनी गादीचा स्पंजच पुढं केला, तिसऱ्याकडं पत्र्याखालचा काळा फोम मिळाला, फुंकून बघितलो, दाबून बघितलो, पास झाला. १२ एमएमचा घेतलो, कापून दिले त्यांनी १८० बाय ५५, किराणा दुकानच्या काट्यावर ३९० ग्रॅम भरला. खर्च माझ्या बजेटच्या निम्म्याहून कमी. रात्री गच्चीवर झोपून बघितलो, पाठीला गारवा अजिबात लागला नाही. मी पाठीवरच झोपतो ताई.

आता दोन प्रश्न. एका बाजूला चांदी कागद आहे, तो वर करायचा की खाली? आणि गुंडाळल्यावर हे धोंडं पंधरा सोळा सेंटीमीटर जाड होतंय, सॅकच्या बाहेर बांधलो तर बसमध्ये लोकांना लागतंय.

जांबोटी_घाट:
बाहेर बांधूच नकोस. आमच्या जांबोटी कणकुंबी बाजूला पायवाटेवर दोन्हीकडनं कारवी आणि करवंदाच्या जाळ्या, बाहेरच्या मॅटचे लचके निघतात, आणि धुकं पडलं की दव पण बसतं. मॅट उभी गुंडाळून सॅकमध्ये आधी घाल, मग आतल्या आत सैल सोड म्हणजे ती सॅकच्या भिंतीला जाऊन चिकटते, मधे पोकळ नळकांडं तयार होतं. त्या नळकांड्यात सगळं सामान भरायचं, खाली स्लीपिंग बॅग वर कपडे. ५५ सेंटीमीटर म्हणजे साठ लिटरच्या सॅकला बरोबर उंची येते. फायदा काय तर भांड्याचा कोपरा पाठीला टोचत नाही, सॅक ताठ उभी राहते आणि मॅट कोरडी.

चांदी वर, अंगाकडं. अंगातून निघणारी उष्णता ती परत पाठवते, पण त्याच्यावर फार भरवसा ठेवू नको. थर्मरेस्टच्याच दोन मॅट बघ, बिनचांदीची झी लाइट १.७ आणि चांदीची सोल २.०. म्हणजे फरक ०.३ चा. आणि ते चांदीचं पापुद्रं घासून निघतं वर्षभरात, निघालं तर मॅट वाया गेली असं समजू नको.

दोन तीन बारीक गोष्टी. सकाळी मॅटच्या खाली ओल दिसेल, फोम गळला नाही, जमिनीची वाफ आहे ती. पुसून दहा मिनिटं वाऱ्याला धर आणि मग गुंडाळ. शेकोटीजवळ नेऊ नको, एक ठिणगी पडली की आरपार भोक. आणि उन्हाळ्यात कारच्या काचेमागं ठेवू नको, आकसून वाकडी होते, माझी झाली. घरी आणली की उघडी करून पलंगाखाली टाकून ठेव, गुंडाळून वर्षभर ठेवली तर कायमची वळते.

आणि मुक्काम कुठं करतोस ते बघून कर रे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्र काढायची नाही, अस्वल आहे गवे आहेत, फॉरेस्टवाले अडवतात ते आपल्या भल्यासाठी.

उद्यमबागवाला:
मस्त घेतलास. केदारकंठाचं सांगायचं राहिलं होतं. शिखर ३८०० मीटरचं, डिसेंबरात कॅम्प बर्फावर असतो आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली. तिथं तुझी एकटी मॅट पुरायची नाही, पण मॅटच्या आर व्हॅल्यूची बेरीज होते. एजन्सी एक देणार म्हणालास ना, ती खाली टाक आणि तुझी वर, दोन्ही मिळून तीनच्या आसपास गेलं की निवांत. एजन्सीला आत्ताच फोन करून विचार, मॅट फोमची की नुसती चटई, किती एमएम. पातळ असली तर अजून एक १० एमएमचा पट्टा इथनंच ने, बर्फावर पोचल्यावर काय मिळणार नाही तुला.

खानापूर_लोकल:
केलो दादा फोन. ८ एमएमची फोम मॅट देतात म्हणाले. म्हणजे माझी १२ आणि त्यांची ८, वीस एमएम झालं. ताईंचं ऐकून कमरेचा तुकडा पण कापून घेतलोय उरलेल्यातनं, तो पायाखाली टाकीन. पुढच्या शनिवारी कलानंदीगडला मुक्काम आहे, वाकळवाला मित्र पण येतोय, त्याला ह्यावर झोपवून बघतो आणि काय म्हणतोय ते इथं लिवतो.