परंपरा जपायची तर डीजेला नाही म्हणावंच लागेल

गणेशोत्सवातल्या डीजेवरच्या या चर्चेत एकाने लिहिलंय की परंपरावादी लोक डीजेवर बोलत नाहीत कारण मतं जातात. पक्षांचं मला माहीत नाही, पण मी स्वतः चांगलाच उजवा माणूस आहे आणि मला विसर्जन मिरवणुकीत पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्या त्या स्पीकरच्या भिंतींचा जाम वैताग येतो. कसबा, जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हे पाचही मानाचे गणपती डीजेशिवाय जातात ना, मग परंपरा कुठली म्हणायची? 2000 चे ध्वनी नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, ते पाळा म्हटलं की लगेच "हिंदूंच्याच सणांवर का". अरे सगळ्यांनाच लावा की, भोंगे असोत नाहीतर लग्नाच्या वराती!

आणि 2025 ला सरकारने गणेशोत्सव राज्य महोत्सव केला त्यावर आपले उजवे लोकच खूश झाले, मला ते पटलं नाही. उत्सव वर्गणीवर, मंडळांवर, समाजाच्या जिवावर चालतो, उद्या सरकार पैसे देणार म्हणजे परवा अटीही घालणार, आणि तेव्हा सत्तेत कोण असेल काय सांगावं.

सुधारणेला सरकारी कायदा लागतोच म्हणून 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याचं उदाहरण इथे ज्यांनी दिलंय त्यांचं बरोबर आहे, मुलींचं शरीरसंबंधाच्या संमतीचं वय 10 चं 12 करायला टिळकांनी परकं सरकार नको म्हणून विरोध केला, पण तिथे कायदा हवाच होता (पोरींचे जीव जात होते हो). पण त्यावरून प्रत्येक गोष्टीत सरकार हवं असं कसं काय ठरतं?